काळपुळीच्या जंतूची रोगकारक जनुकं

काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्स, काही भागात याला फाशी पण म्हणतात. हा गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्यांना होणारा जीवघेणा रोग आणि तो करतो बॅसिलस अँथ्रॅसिस नावाचा जंतू. रात्री व्यवस्थित चारा खाल्लेलं जनावर सकाळी मरून पडलेलं असतं, नाकातोंडातून काळपट न गोठणारं रक्त आलेलं असतं, बऱ्याचदा आधी काही लक्षण दिसलं असं मालकाला आठवतही नाही. आता गंमत अशी की या जंतूचं मुख्य गुणसूत्र बघितलं तर ते मातीत सगळीकडे सापडणाऱ्या बॅसिलस सेरियसशी इतकं जुळतं की दोन्ही जवळजवळ एकच वाटावेत. जनावर मारायची ताकद येते ती मुख्यतः दोन वेगळ्या डीएनए वर्तुळांमधून, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात, एकाचं नाव पीएक्सओ-१ आणि दुसऱ्याचं पीएक्सओ-२. दोन्ही असतील तर काळपुळी, एक जरी गेलं तरी जंतूचा जोर एकदम उतरतो.

पीएक्सओ-१ साधारण १८२ हजार बेसजोड्यांचं (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी), त्यावर विषाची तीन जनुकं आहेत: पॅग-ए, लेफ आणि साय-ए. यातलं एकटं कुठलंच प्रथिन फारसं काही करत नाही, जोडी जमली की मग खेळ सुरू. पॅग-ए पासून जे प्रथिन बनतं त्याला पीए म्हणतात, ते पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, मग फ्युरिन नावाचं एन्झाइम त्याचा तुकडा पाडतं. हे फ्युरिन जंतूचं नाही बरं का, जनावराच्या स्वतःच्या पेशीचंच आहे, म्हणजे घरभेदी आपल्यातलाच. कापलेले पीए सात किंवा आठ एकत्र येऊन कडं बनवतात, त्याला लेफ किंवा साय-ए पासून बनलेले घटक येऊन चिकटतात, पेशी हे सगळं प्रकरण आत ओढून घेते आणि आतल्या पिशवीत आम्लता वाढली की कड्याचं भोक तयार होऊन घटक पेशीत उतरतात. लेफचं प्रथिन एक कात्री आहे, संरक्षक पेशींमध्ये जे निरोप पुढे पाठवणारे एन्झाइम असतात तेच तोडतं, त्यामुळे शरीराला शत्रू आलाय हे कळून सुद्धा धड प्रतिकार उभा राहत नाही. साय-ए चं प्रथिन पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू भरमसाठ वाढवतं आणि त्यातून सूज येते.

पीएक्सओ-२ लहान, साधारण ९५ हजार बेसजोड्यांचं. याच्यावर कॅप जनुकांचा गट आहे आणि तो जंतूभोवती कवच बनवतो. बऱ्याच जंतूंची कवचं साखरेची असतात, याचं ग्लुटामिक आम्लाच्या (हे एक अमिनो आम्ल, प्रथिनांचा घटक) साखळीचं असतं, आणि ते पण डी प्रकारच्या, जो नेहमीच्या प्रथिनांत नसतो, त्यामुळे प्रथिनं तोडणारी एन्झाइम त्याला सहजी हात लावू शकत नाहीत. कवच असलं की पांढऱ्या पेशींना जंतू गिळता येत नाही. याच गटातलं कॅप-डी हे जनुक कवच जंतूच्या भिंतीला पक्कं बसवतं, ते बंद पाडलं तर कवच बनतं पण टिकून राहत नाही आणि जंतू कमजोर पडतो.

ही जनुकं सतत चालू नसतात, मातीत पडलेल्या जंतूला विष बनवून काय करायचंय. पीएक्सओ-१ वरच एटीएक्स-ए नावाचं नियंत्रक जनुक आहे, ३७ अंशांच्या आसपास तापमान आणि कार्बन डायऑक्साइड किंवा बायकार्बोनेट मिळालं, म्हणजे थोडक्यात रक्तात असल्यासारखी परिस्थिती झाली, की ते विषाची जनुकं तर चालू करतंच, वर दुसऱ्या प्लाझ्मिडवरच्या कवचाच्या जनुकांनाही जोर देतं. दुसरीकडे मुख्य गुणसूत्रावरचं पीएलसी-आर हे नियंत्रक जनुक मात्र या जंतूत एका बदलामुळे बिघडलेलं आहे, म्हणून मेंढीचं रक्त घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) सेरियस भोवतालचं रक्त फोडतो आणि अँथ्रॅसिस सहसा फोडत नाही. एटीएक्स-ए आणि पीएलसी-आर एकत्र नांदत नसावेत म्हणून हे घडलं असं काही संशोधक मानतात.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट लसींची आहे, कारण लोकांनी जनुकं न बघताच जनुकं काढून टाकली. लुई पाश्चरनं जंतू ४२-४३ अंशांवर वाढवून कमजोर केले आणि १८८१ साली फ्रान्समध्ये पुयी-ल-फोर इथे २४ मेंढ्या, १ शेळी आणि काही गायींना लस देऊन जाहीर प्रयोग केला. ३१ मे ला सगळ्यांना जहाल जंतू टोचले आणि २ जूनला लोक बघायला आले तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या, बाकीच्या मेलेल्या किंवा मरणाला टेकलेल्या. (त्या दिवशी वापरलेली लस खरं म्हणजे उष्णतेची नव्हतीच, सहकाऱ्यानं पोटॅशियम डायक्रोमेट वापरून केलेली होती, पाश्चरनं हे तेव्हा सांगितलं नाही, त्याच्या वह्यांमधून ते नंतर बाहेर आलं.) उष्णतेनं नक्की काय होतं ते १९८३ मध्ये कळलं: त्या तापमानाला वाढवत राहिलं की पीएक्सओ-१ गळून जातं. पण विषाचं प्लाझ्मिडच नसेल तर पीए कुठून बनणार, आणि संरक्षण तर मुख्यतः पीए विरुद्धच्या प्रतिपिंडांनी मिळतं, तेव्हा पाश्चरच्या लसीत प्लाझ्मिड शिल्लक असलेले थोडे जंतू राहिले असणार आणि लस त्यांच्यामुळे चालली असणार असं समजतात.

मॅक्स स्टर्ननं बरोबर उलटं केलं. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्टला त्यानं अर्धं घोड्याचं सीरम असलेल्या अगारवर, कार्बन डायऑक्साइड भरलेल्या हवेत जंतू वाढवले. कवचवाल्या वसाहती तिथे चकचकीत, चिकट दिसतात, पण काही दिवसांनी त्यांच्या कडेला कोरड्या खरबरीत फांद्या फुटल्या, त्या होत्या कवच गमावलेल्या जंतूंच्या. त्या उचलून त्यानं १९३७ मध्ये ३४एफ२ हा प्रकार दिला, पीएक्सओ-१ आहे, पीएक्सओ-२ नाही. भारतासकट बहुतेक देशांत जनावरांना आजही हीच लस टोचतात. ती जिवंत बीजाणूंची (जंतूच्या टणक, सुप्त रूपाची) असते म्हणून लसीच्या आगेमागे अँटिबायोटिक देत नाहीत, आणि विष थोडं बनतंच म्हणून टोचलेल्या जागी सूज येऊ शकते, शेळ्यांना तर जास्त त्रास होतो.

बीजाणू बनवायची जनुकं मात्र प्लाझ्मिडवर नाहीत, मुख्य गुणसूत्रावर आहेत. बीजाणू तयार व्हायला ऑक्सिजन लागतो, म्हणून काळपुळीचा संशय असलेलं जनावर कधीच फाडायचं नाही, एकदा रक्त सांडलं की ती जमीन कित्येक दशकं बाधित राहू शकते. तपासणीसाठी कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर पसरतात आणि पॉलीक्रोम मिथिलीन ब्लूनं रंगवतात, मॅकफॅडियनची ही पद्धत १९०३ पासूनची. चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी झिलई दिसते, ती झिलई म्हणजे कॅप जनुकांचंच काम. मढं सडायला लागलं की हे नीट दिसत नाही, तेव्हा पीसीआर (डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखायची चाचणी) करतात आणि त्यात विषाचं एक जनुक, कवचाचं एक आणि मुख्य गुणसूत्रावरची एक खूण अशी तिन्ही शोधावी लागतात, कारण मातीत एखादं प्लाझ्मिड हरवलेले जंतू पण असतात आणि उलट बाजूनं अशीच प्लाझ्मिडं बाळगणारे सेरियसचे प्रकार पण सापडलेत, आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले चिंपांझी अशाच एका प्रकारानं मेले होते.