चित्रकथा-झीन, आत्मचरित्रपर

स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग चित्रचौकटींत मांडून, ते स्वतःच छापून किंवा झेरॉक्स करून, एकाच नावाखाली वर्षानुवर्षे अंकरूपाने काढीत राहण्याचा प्रघात. झीन म्हणजे हौसेने स्वतः काढलेले, थोड्या प्रतींचे छोटेखानी नियतकालिक. लेखक, चित्रकार, संपादक आणि वितरक ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते. हा प्रकार मुख्यतः उत्तर अमेरिकेत १९७० नंतर आकाराला आला आणि १९८०–९० च्या दशकांत त्याला बहर आला.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. अनेक अभ्यासक १९७२ हे वर्ष मानतात. त्या वर्षी जस्टिन ग्रीन यांची ‘बिंकी ब्राउन मीट्स द होली व्हर्जिन मेरी’ ही चित्रकथा निघाली. कॅथलिक संस्कार आणि मनोविकार यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ती कबुली आहे. अ‍ॅलीन कॉमिन्स्की यांची ‘गोल्डी’ ही आत्मपर कथाही त्याच वर्षी ‘विमेन्स कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आली. मात्र ग्रीन यांचे पुस्तक ‘लास्ट गॅस्प’ या प्रकाशनसंस्थेने काढले होते, आणि कॉमिन्स्की यांची कथा सामूहिक अंकातील होती. आत्मचरित्रपर चित्रकथेचा आरंभ म्हणून ही तारीख योग्य आहे. स्वयंप्रकाशित अंकमालेचा आरंभ म्हणून ती तितकीशी पटत नाही.

काहीजण आणखी मागे जातात. हेन्री योशिताका कियामा या जपानी स्थलांतरित चित्रकाराने सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या व मित्रांच्या अनुभवांवर ५२ भागांची चित्रकथा रचली आणि १९३१ मध्ये स्वखर्चाने पुस्तकरूपात काढली. स्वयंप्रकाशन आणि आत्मकथन या दोन्ही कसोट्या ती बऱ्याच अंशी पुरी करते. तथापि ती एकदाच निघालेली संपूर्ण कृती होती. पुढचा अंक काय घेऊन येईल हे खुद्द लेखकालाही ठाऊक नसणे, हे या प्रकाराचे मर्म तिच्यात नाही. शिवाय फ्रेडरिक शॉट यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिचा इंग्रजी अनुवाद करेपर्यंत इंग्रजी वाचक तिच्याबद्दल जवळजवळ अनभिज्ञच होते. त्यामुळे नंतरच्या अमेरिकन झीनकर्त्यांवर तिचा प्रभाव मानणे कठीण आहे.

सातत्याची कसोटी लावल्यास हार्वी पीकर यांच्या ‘अमेरिकन स्प्लेंडर’ला (१९७६) अग्रमान द्यावा लागतो. क्लीव्हलंडच्या सरकारी रुग्णालयात फाइल-कारकून असलेल्या पीकर यांनी सुमारे दीड दशक, साधारण वर्षाला एक अंक या गतीने, तो स्वतः काढला. नंतर तो व्यावसायिक प्रकाशकांकडे गेला. त्यांना चित्रकला येत नसे; काडीमाणसे काढून ते चौकटींचा आराखडा करीत आणि रॉबर्ट क्रंब आदी चित्रकार तो पुरा करीत. फिलिप लझन या फ्रेंच समीक्षकाने १९७५ मध्ये लेखक, निवेदक व नायक यांच्या नावांचे ऐक्य ही आत्मचरित्राची खूण सांगितली. पीकर यांच्या अंकांत नाव तेच राहते, चेहरा मात्र चित्रकारागणिक बदलतो. म्हणूनच चार्ल्स हॅटफील्ड यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यांची विशेष दखल घेतलेली दिसते.

झेरॉक्सवरचे झीन ही त्यापुढची पायरी. चेस्टर कार्लसन यांनी कोरड्या प्रतिमुद्रणाचा पहिला यशस्वी प्रयोग १९३८ मध्ये केला आणि पहिले स्वयंचलित कार्यालयीन यंत्र १९५९ मध्ये आले. पण सामान्य माणसाला हाताळता येईल इतके ते स्वस्त होईपर्यंत आणखी काळ गेला. एक ताव मधोमध दुमडला की चार पाने होतात, म्हणून अंकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. चोवीस पानी अंकात सर्वांत बाहेरच्या तावाच्या एका अंगाला २४ व १, तर दुसऱ्या अंगाला २ व २३ ही पाने येतात. हा क्रम चुकला की सगळा गठ्ठा वाया. ताव वाढले की दुमडल्यावर आतली पाने बाहेर सरकतात, म्हणून चित्र कडेपासून आत ठेवतात. जुन्या यंत्रांत मोठे काळे भाग डागाळत आणि राखाडी छटा उमटत नसत. ठळक रेषा आणि भरपूर कोरी जागा या शैलीचे श्रेय काही अंशी तरी यंत्राला द्यायला हवे. फिकट निळ्या पेन्सिलीची रेघ प्रतीवर सहसा येत नसल्याने कच्चे रेखाटन खोडण्याचे श्रम वाचत.

दीर्घायुषी अंकमालेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे जॉन पोर्सेलिनो यांची ‘किंग-कॅट कॉमिक्स’. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या मालेचे ऐंशीहून अधिक अंक निघाले आहेत. आरंभीची खरबरीत, धसमुसळी रेषा पुढे अगदी मोजकी होत गेली. वाचकांची पत्रे आणि आवडत्या गोष्टींच्या याद्याही अंकात असतात. माँट्रियलच्या ज्यूली दूसे यांचे ‘डर्टी प्लॉट’ १९८८ मध्ये मिनीकॉमिक (घरगुती छपाईची छोटी चित्रकथा-पुस्तिका) म्हणून निघाले, पण १९९१ पासून ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ली’ने ते प्रकाशित केले. दूसे यांना २०२२ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम चित्रकथा-महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

अंक जितका दीर्घकाळ चालतो तितका कथनाचा काळ आणि जगण्याचा काळ यांतील अंतराचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. विशीत रंगवलेल्या भांडणाकडे तोच लेखक चाळिशीत परततो. जुना अंक मात्र वाचकांच्या हाती तसाच असतो. आईवडील, जोडीदार, सहकारी यांची संमती हाही वादाचा विषय आहे. नावे बदलण्याची पद्धत आहे, परंतु ओळखीच्या वर्तुळात चेहरा आणि प्रसंग यांवरून माणूस कळतोच.

वितरण टपालाने, वर्गणीने किंवा अंकाच्या बदल्यात अंक या पद्धतीने होते. १९८२ पासूनच्या ‘फॅक्टशीट फाइव्ह’ या झीनांची परीक्षणे छापणाऱ्या नियतकालिकातील मजकुराने झीनकर्त्यांना एकमेकांचे पत्ते मिळवून दिले. पोर्सेलिनो यांनी स्वतःची वितरणसंस्थाही चालवली. चित्रकथाकार पीटर लेअर्ड यांच्या झेरिक प्रतिष्ठानाने १९९२ पासून दोन दशके स्वयंप्रकाशकांना अनुदाने दिली. १९९७ पासूनच्या इग्नाट्झ या अमेरिकन चित्रकथा-पुरस्कारांत मिनीकॉमिकसाठी स्वतंत्र वर्ग आहे.

ब्रिटनमध्ये पॉल ग्रॅव्हेट यांच्या ‘फास्ट फिक्शन’ या विक्रीमंचामुळे १९८० च्या दशकाच्या आरंभी असे अंक लंडनमध्ये मिळू लागले. एडी कँपबेल यांच्या ‘अ‍ॅलेक’ कथा त्याच परिसरातल्या. जपानमधील स्वयंप्रकाशित दोजिन्शी अंकांची परंपरा स्वतंत्र असून तिच्यात आत्मकथनाला गौण स्थान आहे.