हर्पीजमधला सर्प

हर्पीज झोस्टर म्हणजे आपली नागीण, आणि नागीण म्हटलं की घरात कोणीतरी सांगतंच की तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. साफ खोटं आहे हे. कांजिण्यांचाच व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं दबून असतो आणि प्रतिकारशक्ती कमी झाली की एका नसेच्या वाटेने कातडीवर येतो, ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते म्हणून पुरळ बहुतेक वेळा मध्यरेषेशीच थांबतं. गेरू लावत बसू नका, डॉक्टरांच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त फायदा.

पण मला बोलायचंय नावाबद्दल. झोस्टर म्हणजे ग्रीकमध्ये कंबरपट्टा, आणि हर्पीज आलं हर्पेइन म्हणजे सरपटणे यावरून. हर्प म्हणा नाहीतर सर्प, मूळ धातू एकच! सिंधूचं हिंदू इराणी लोकांच्या तोंडी झालं, ग्रीकमध्ये तसाच बदल स्वतंत्रपणे झाला, शब्दाच्या सुरुवातीला स आणि लगेच स्वर असेल तर स चा ह. लॅटिनने मात्र स ठेवला. म्हणून ग्रीक हेप्टा, लॅटिन सेप्टेम, आपलं सप्त. हेमी, सेमी, आणि संस्कृतात सामि म्हणजे अर्धा. सूर्याचं हेलिओस, त्यावरून हेलियम. हर्पेटॉलॉजी शब्द आला तर आता पाठ करायची गरजच नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांचं (आणि बेडकांचंही) शास्त्र.

स नंतर त, प, क असं व्यंजन असेल तर स टिकतो, म्हणून स्था धातूचा भाऊ स्टॅसिस. आणि माझा सगळ्यात आवडता शब्द होमिओस्टॅसिस, शरीराचं तापमान, साखर वगैरे स्थिर ठेवणारी यंत्रणा, यात पहिल्या अर्ध्यात सम मधला स गेलाय आणि दुसऱ्यात स्था मधला राहिलाय, दोन्ही नियम एका शब्दात!

यावरून ग्रीक संस्कृतातून निघाली असं फॉरवर्ड करू नका प्लीज, दोघी त्याहून जुन्या एका भाषेच्या लेकी आहेत.

आणि शंभर रूट (म्हणजे शब्दांचे ग्रीक-लॅटिन मूळ तुकडे) पाठ करा, डिक्शनरी तोंडपाठ होईल असं सांगणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका. होमोजिनियसमधला होमो ग्रीक, अर्थ सारखा, तर होमो सेपियन्समधला होमो लॅटिन, अर्थ माणूस. पिडियाट्रिक्समध्ये ग्रीक मूल आहे आणि पेडेस्ट्रियनमध्ये लॅटिन पाय. शब्द कुठल्या भाषेतून आलाय ते आधी डिक्शनरीत बघा, मगच तोडा.