पोर्ट अडलाय की कॉन्फिग बिघडलीय?

झॅम्प म्हणजे स्वतःच्याच संगणकावर वेबसाइट चालवून बघायचं पॅकेज, आणि अपाची हा त्यातला वेब सर्व्हर. झॅम्पच्या पॅनेलमध्ये स्टार्ट दाबलं की अपाची क्षणभर हिरवं होतं, मग रंग उडतो आणि खाली लाल अक्षरांत ‘अपाची शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’ उमटतं. पुढचं सगळं मला पाठ झालंय. मित्राला फोन जातो. मित्र म्हणतो, ‘पोर्ट बदल.’ पोर्ट म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारावर सर्व्हर मागणीची वाट बघत बसतो तो क्रमांक. ८० चा ८०८० होतो, अपाची पडतंच. मग ८०८१, मग ८८८८, मग झॅम्प काढून पुन्हा टाकणं. त्या भरात एचटीडॉक्स, म्हणजे वेबसाइटच्या फाइली ठेवायच्या फोल्डरमधला तीन महिन्यांचा प्रोजेक्टही कधीकधी गेलेला असतो.

प्रत्येक दुखण्यावर हीच मात्रा उगाळली जाते, त्याचं मूळ त्या लाल संदेशातच आहे. त्यात शक्यता पाच दिल्यात: अडलेला पोर्ट, एखादी लागणारी फाइल नसणं, पुरेशी परवानगी नसणं, क्रॅश, किंवा दुसऱ्या कुणीतरी सर्व्हर बंद करणं. वाचणारा पहिल्या शक्यतेवरच थांबतो. मुळात हे निदान नव्हेच. पॅनेल म्हणजे गेटवरचा वॉचमन. अपाचीची प्रोसेस मेली एवढं त्याला दिसतं, कशाने मेली ते कळत नाही, म्हणून पाचही नावं घेऊन तो मोकळा होतो.

माझ्यापर्यंत येणाऱ्या लॅपटॉपांवर दोनच दुखणी सारखी निघतात. एक तर पोर्ट अडलेला असतो, नाहीतर कॉन्फिग, म्हणजे अपाचीने कसं चालायचं ते लिहिलेली फाइल, बिघडलेली असते. पहिल्यात अपाची धडधाकट असतं, पण त्याच्या गाळ्यात दुसरंच कुणी दुकान मांडून बसलेलं असतं. दुसऱ्यात गाळा मोकळाच असतो, पण अपाची तिथवर पोचतच नाही. घरातच अडखळून पडलेलं असतं. अशा वेळी पोर्ट बदलून काय होणार? न पोचणाऱ्याला पत्ता कुठलाही द्या.

पोर्टचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. विंडोजवर ८० अडवणारा सहसा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ४ असतो, म्हणजे खुद्द ‘सिस्टीम’. त्याला टास्क मॅनेजरमधून मारायला जाऊ नका. त्याच्या आडून बहुतेक वेळा ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, चालू असते, ती सर्व्हिसेसमध्ये जाऊन थांबवा. ‘आधी स्काइप बंद करा’ हा सल्ला मात्र आता तरी सोडा. मे २०२५ मध्ये स्काइपच कायमचं बंद झालं, सल्ला अजून फिरतोय.

दोन गोष्टी तरीही सांगतो, कारण त्या कुणी सांगत नाही. झॅम्पमधलं अपाची साध्या पानांसाठी ८० आणि एचटीटीपीएससाठी ४४३ असे दोन पोर्ट मागतं. ४४३ ची ओळ एचटीटीपीडी-एसएसएल.कॉन्फ या वेगळ्या फाइलमध्ये असते. अडलेला ४४३ असेल, तर ८० चा ८०८० करून काडीचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट नेटस्टॅटची, म्हणजे कुठला पोर्ट कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या कमांडची. त्याला ए, एन, ओ ही अक्षरं जोडून यादी काढली की ४४३ चे ढीगभर आकडे दिसतात आणि लोक घाबरून क्रोम बंद करतात. अहो, ते उजव्या बाजूचे, म्हणजे पलीकडच्या सर्व्हरचे पोर्ट आहेत. तुम्ही कुठलीशी वेबसाइट उघडलीय, एवढाच त्याचा अर्थ. बघायचं ते फक्त डावीकडच्या लोकल पत्त्याच्या रकान्यात, आणि तेही ‘लिसनिंग’ लिहिलेल्या ओळींत.

आता खरा घोळ. दोन्ही दुखण्यांत पॅनेलवरचा संदेश अक्षरशः तोच येतो. मग ओळखायचं कसं?

मागच्या मार्चमध्ये आमच्या इमारतीतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. प्रोजेक्टचं सादरीकरण दुसऱ्या दिवशी. ‘काका, पोर्ट चार वेळा बदलला.’ मी विचारलं, ‘काल चालू होतं ना? मग कालपासून काय बदललंस?’ ती म्हणाली, काहीच नाही. जरा वेळाने आठवलं, की एका व्हिडिओत बघून व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे त्याच सर्व्हरवर वेगळ्या नावाची साइट चालवायची नोंद, कॉन्फिगमध्ये टाकला होता. निम्मं निदान इथेच होतं. कॉन्फ फोल्डरमधल्या फाइलला तुमचा हात लागला असेल, तर संशय कॉन्फिगवर घ्यावा. हात लागला नसेल आणि नवं सॉफ्टवेअर बसलं असेल किंवा विंडोज अपडेट झालं असेल, तर पोर्टवर.

उरलेल्या निम्म्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, झॅम्पच्या फोल्डरमध्ये अपाची आणि त्यात बिन, तिथे जायचं, आणि टाइप करायचं: एचटीटीपीडी -टी (httpd -t). एचटीटीपीडी हे अपाचीच्याच प्रोग्रामचं नाव. टी म्हणजे टेस्ट. हे अपाचीला सुरू करत नाही, फक्त कॉन्फिग वाचायला लावतं. तिच्या स्क्रीनवर एक लांबलचक ओळ आली: सिंटॅक्स एरर ऑन लाइन ५१९, फाइल एचटीटीपीडी.कॉन्फ, त्याला जोडूनच सिंटॅक्स एरर ऑन लाइन ४६, फाइल एचटीटीपीडी-व्हीहोस्ट्स.कॉन्फ, आणि शेवटी, <व्हर्च्युअलहोस्ट> वॉज नॉट क्लोज्ड.

तिने लगेच पहिल्या फाइलची ५१९ वी ओळ उघडली. तिथे ‘इन्क्लूड’ एवढंच. ‘काका, इथे तर काहीच चुकलेलं नाही!’ बरोबर, नाहीच चुकलेलं. पहिली ओळ फक्त सांगते, की मी इथून दुसऱ्या फाइलमध्ये शिरलो. चूक शेवटी नाव आलेल्या फाइलमध्ये असते. तिथल्या ४६ व्या ओळीवर उघडलेला भाग बंद करणारी ओळच नव्हती. व्हिडिओवरून उतरवताना राहून गेली होती. ती घातली, पोर्ट पुन्हा ८० केला, अपाची उभं राहिलं.

तर नियम असा. चाचणीत ओळ क्रमांकासह चूक आली, तर दुखणं कॉन्फिगचं. पोर्टचं नावही काढू नका. ‘सिंटॅक्स ओके’ आलं आणि तरीही अपाची पडतंय, तर संशय पोर्टकडे वळवा. ही चाचणी पोर्ट तपासतच नाही. त्यामुळे ‘सिंटॅक्स ओके’ म्हणजे ‘सर्व्हर सुरू होणारच’ असा अर्थ काढू नये. मग त्याच जागी नुसतं एचटीटीपीडी टाइप करून एंटर मारा. कर्सर लुकलुकत तसाच बसला, तर सर्व्हर चालू झालाय, काही अडकलेलं नाही. पोर्ट अडला असेल तर ‘कुड नॉट बाइंड’ असं येईल, बरोबर १००४८ किंवा १००१३ हा आकडा. १००४८ म्हणजे पत्ता आधीच कुणीतरी घेतलाय. १००१३ म्हणजे तिथे बसायची परवानगीच नाही, आणि पीआयडी ४ ने पोर्ट धरला असला की बहुधा हाच दिसतो.

इथे दोन फसव्या ओळी भेटतात आणि दोन्हींवर लोक तासन्‌तास घालवतात. पहिली, ‘अनेबल टू ओपन लॉग्ज’. ही वाचून लॉग फोल्डरच्या परवानग्या बदलणारे मी पाहिलेत. अपाची सुरू होताना पोर्ट धरणं आणि लॉग उघडणं एकाच टप्प्यात होतं, त्यामुळे पोर्ट मिळाला नाही तरी ओरड लॉगच्या नावाने होते. त्याच्या वरची ओळ वाचा. दुसरी, सर्व्हरचं पूर्ण डोमेन नाव ठरवता आलं नाही अशी तक्रार, क्रमांक एएच००५५८. ही नुसती सूचना आहे, तिच्यामुळे अपाची पडत नाही. सर्व्हरनेम लोकलहोस्ट लिहून ती घालवता येते, जरूर घालवा, पण सर्व्हर सुरू होईल या आशेने नको.

‘एरर लॉग बघितला, त्यात काहीच नाही’ हेही नेहमीचं. नसणारच. कॉन्फिग वाचून व्हायच्या आतच अपाची पडलं, तर लॉगची फाइल अजून उघडलेलीच नसते. चूक कमांड प्रॉम्प्टवर छापली जाते, आणि पॅनेलमधून सुरू केलं तर ती दिसतच नाही. लॉगमध्ये दिसतात त्या परवाच्या ओळी. वेळ बघितल्याशिवाय लॉग वाचू नये.

एचटीअॅक्सेस, म्हणजे एकेका फोल्डरपुरत्या सूचनांच्या फाइलवर उगाच आळ घेऊ नका. तिच्यात चूक असेल तर सर्व्हर सुरू होतो, पान मागितल्यावर ५०० क्रमांकाची चूक दाखवतो. सर्व्हर उठतच नसेल, तर ती निर्दोष आहे.

पोर्ट खरंच अडला असेल तर बदलावा की मोकळा करावा? मी मोकळा करतो. ८०८० केला की तो प्रत्येक पत्त्यात लिहावा लागतो, पॅनेलच्या सेटिंगमध्ये वेगळा सांगावा लागतो, आणि वर्डप्रेसने डेटाबेसमध्ये जुना पत्ता साठवून ठेवलेला असतो तो वेगळाच. परीक्षकांसमोर ब्राउझर रिकाम्या पानावर उघडतो तो अशाने.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. ‘जॉब फॉर अपाची२ सर्व्हिस फेल्ड’ ही ओळही तितकीच मुकी आहे. तिथे अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट चालवा. आकडा ९८ आला तर पोर्ट दुसऱ्याकडे आहे, १३ आला तर परवानगी नाही, बहुतेक कमांडआधी सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द, विसरलात. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरलाही -टी आहेच.

आणि डेटाबेस सांभाळणारं मायएसक्यूएल, जे झॅम्पमध्ये खरं तर मारियाडीबी असतं, पडलं तर पॅनेल तीच पाच नावं घेतं. तिथे पोर्ट ३३०६. तिथेही आधी लॉग वाचा, आणि काहीही करण्याआधी डेटा फोल्डरची प्रत बाजूला काढा. आयबीडेटा१ ही फाइल उडवायला सांगणाऱ्या मित्राचा फोन मात्र उचलू नका. ती गेली की इनोडीबी या साठवण पद्धतीतली डेटाबेसची टेबलं गेली.