एनएसएसचं शिबिर म्हणजे सीईपी नव्हे

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या आराखड्यात सीईपी, म्हणजे समाजसहभागाचा प्रकल्प आला आणि पाठोपाठ गोंधळही आला. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे फोटो, तोच बॅनर, सरपंचांचं तेच आभारपत्र सीईपीच्या फाइलला जोडायचं आणि दोन क्रेडिट मार्गी लावायची. विचारलं की उत्तर ठरलेलं: दोन्हीकडे गावातच तर काम करायचंय! फरक आहे, आणि तो लहान नाही.

एनएसएस सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. प्रभातफेरी, श्रमदान, संध्याकाळचे कार्यक्रम. मुलांना गाव कळतं, हातात टिकाव येतो. ते मोलाचंच आहे. आता सह-अभ्यासक्रमात एनएसएसलाही क्रेडिट मिळतं, त्यामुळे क्रेडिटवरून दोन्ही ओळखता येत नाहीत. तास किती, सही कोणाची, हे ऑफिसने बघावं.

ओळखायचं ते एका प्रश्नावरून: या कामाला तुमचा विषय लागतो का? शिबिरात वनराई बंधारा घालताना बीकॉमचा मुलगा आणि बीएस्सीची मुलगी एकाच रांगेत घमेली पुढे सरकवतात, आणि तिथे तसंच हवं. सीईपीत मात्र विषय काढून घेतला की काम अडलं पाहिजे. वनस्पतिशास्त्राच्या वर्गाने खड्डे खणून रोपं लावली म्हणून ते वनस्पतिशास्त्र होत नाही.

भूगोलाचा वर्ग घ्या. रब्बीत काय पेरायचं हे गावाला ठरवायचंय, त्यासाठी विहिरींत पाणी किती ते हवंय. मुलं टेप सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात आणि त्यातून कठड्याची उंची वजा करतात. ते विसरलं तर जमिनीपासूनची खोली चुकते. मग दिसतं की एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या विहिरींची पातळी वेगळी आहे. असं का? वर्गात शिकलेले बेसॉल्टचे थर, भेगाळलेला आणि सलग खडक, इथे उपयोगी पडतात. विहिरीचा मालक झरा कुठल्या थरात लागला ते सांगतो, कारण खोदताना तो तिथे उभा होता. त्याचं सांगणं आणि पुस्तक जुळतं का, हे पडताळताना मुलं शिकतात. मग आकडे ग्रामसभेपुढे ठेवायचे. हिवरे बाजार या गावात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आणि लागणार किती याचा हिशेब, ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली जातात. अशा ताळेबंदाला आधार देणं हे पदवीच्या तोडीचं काम आहे.

गुणही याचेच द्यायचे. तासांचे नाहीत, घामाचे नाहीत. पातळी वेगळी का याचं स्पष्टीकरण, ग्रामसभेतल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं आणि नोंदवही, एवढंच तपासावं. माझं मत विचाराल तर फाइलला फोटो लावायला सरळ बंदी हवी. आणि प्रश्न गावाचाच हवा. कॉलेजात प्रश्नावली छापून मग गाव शोधत फिरणं म्हणजे कामाच्या दिवसांत लोकांचा वेळ फुकट घेणं.

एक अडचण खरी आहे. पावसाळ्यानंतरची मोजणी ऑक्टोबरात व्हायला हवी आणि सीईपी बहुतेक आराखड्यांत चौथ्या सत्रात, म्हणजे डिसेंबरनंतर येतं. पण तिसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प, म्हणजे फील्ड प्रोजेक्ट असतोच. तो ऑक्टोबरच्या मोजणीला आणि मार्चपर्यंत पाणी किती उरेल या अंदाजाला द्या. त्याच मुलांनी मार्चमध्ये त्याच विहिरी पुन्हा मोजाव्यात आणि आपला अंदाज कुठे चुकला ते गावाला सांगावं. विहिरींना क्रमांक द्या, गाव बदलू नका आणि नोंदवह्या रद्दीत न घालता पुढच्या वर्गाच्या हाती द्या.