मुष्टियुद्धातील पदन्यास व पायांची तयारी

मुष्टियुद्धात पवित्रा घेणे, प्रतिस्पर्ध्यापासूनचे अंतर कमी-जास्त करणे, बाजूला सरकणे, वळणे आणि हे सगळे करताना तोल राखणे, या पायांच्या कामाला पदन्यास म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘पदलालित्य’ हा शब्द रूढ आहे. सरावगृहात मात्र सगळे ‘फुटवर्क’च म्हणतात. लालित्य हा शब्द थोडा फसवा आहे. चांगला पदन्यास पुष्कळदा दिसतच नाही. समोरच्याचा ठोसा चार बोटांनी चुकतो, एवढेच प्रेक्षकाला दिसते.

उभे राहण्याच्या ढबीला मराठीत आयता शब्द आहे, तो म्हणजे पवित्रा. कुस्ती आणि दांडपट्ट्यातून आलेला हा शब्द इथेही नेमका बसतो. उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय पुढे ठेवतो, डावखुरा उजवा. पावलांत साधारण खांद्याइतके अंतर असते, पुढचे पाऊल किंचित आत वळलेले असते, मागची टाच उचललेली असते, गुडघे सैल असतात आणि वजन दोन्ही पायांवर जवळपास सारखे असते. दोन्ही पावले एका रेषेत आली की बाजूने बसलेल्या हुकनेही (कोपर वाकवून मारलेल्या ठोशानेही) माणूस कलंडतो. फार रुंद झाली की पाय उचलायलाच वेळ लागतो.

सरकण्याचा मूळ नियम एका वाक्यात मावतो. ज्या दिशेला जायचे, त्या बाजूचा पाय आधी हलवायचा. पुढे जाताना पुढचा, मागे जाताना मागचा, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. दुसरा पाय तेवढेच अंतर भरून काढतो. पावले एकमेकांना चिकटवायची नाहीत आणि कात्रीसारखी ओलांडायचीही नाहीत. नवशिक्याला हे समजायला पाच मिनिटे लागतात, पण अंगात मुरायला महिने जातात, कारण रोजच्या चालण्यात आपण नेमके उलटे करतो. प्रत्येक पावलाला एक पाय दुसऱ्याला ओलांडतो.

पायांवर इतका भर देण्याचे कारण ठोशाच्या यांत्रिकीत आहे. मागचा चवडा जमिनीला रेटतो, त्या रेट्याने खुबा फिरतो, खुब्यामागोमाग धड आणि खांदा येतो, आणि शेवटी मूठ पोहोचते. १९८०च्या दशकात सोव्हिएत अभ्यासकांनी उजव्या सरळ ठोशाचे मोजमाप केले. मुरलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आढळला, तर कनिष्ठ खेळाडूंच्या ठोशात जेमतेम १७ टक्के. ते बहुतेक काम धड आणि हातांवरच भागवत होते. हे आकडे एका अभ्यासाचे आहेत, पण नवशिक्या दुसऱ्या फेरीतच खांदे भरून आल्याची तक्रार का करतो, ते त्यांतून कळते.

पाय हलवणे हे कौशल्य मानले जाण्याचा काळ तसा अलीकडचा. इंग्लंडमध्ये १७४३ साली मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटनने केलेल्या नियमांत मंचाच्या मध्यभागी खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा होता आणि डावाच्या सुरुवातीला दोघांनी त्याच्या कडेला समोरासमोर उभे राहायचे होते. त्या उघड्या मुठींच्या लढतींत मागे सरणे भ्याडपणाचे समजले जाई. १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, ३ मिनिटांची फेरी आणि १ मिनिटाची विश्रांती आणली. १८९२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला जेम्स कॉर्बेटने तेव्हाच्या जगज्जेत्या जॉन सलिव्हनला २१व्या फेरीत पाडले. त्याआधी बराच वेळ तो त्या धिप्पाड गड्याच्या टप्प्याबाहेर फिरत राहिला होता. त्यानंतर पायांच्या खेळाला कोणी पळपुटेपणा म्हणेनासे झाले, असे म्हणता येणार नाही, पण म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली.

हौशी प्रकारात लढत ३ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची असते. महिलांच्या लढती २०१६च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत २ मिनिटांच्या ४ फेऱ्यांच्या होत्या, टोकियोत त्याही ३ बाय ३ झाल्या. एकूण वेळ थोडा, त्यामुळे दम राखून खेळायला वाव नसतो. गुणपद्धतीनेही पाय घडवले. १९९२च्या बार्सिलोनापासून २०१२च्या लंडनपर्यंत संगणकीय गुण होते. त्यांतला बहुतेक काळ पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण मिळे. त्यामुळे झटकन आत शिरून स्वच्छ ठोसा मारायचा आणि निघून जायचे, हा खेळ फळला. त्यासाठी लागणारी चवड्यांवरची पुढे-मागे उसळ सोव्हिएत मुष्टियुद्धाच्या परंपरेने कधीच पक्की केली होती. रशियनमध्ये तिला ‘चेलनोक’ म्हणतात, म्हणजे मागावरचा धोटा. धोटा जसा ताण्यातून सतत ये-जा करतो, तसे हे सरकणे. २०१३ नंतर दहा गुणांची पद्धत (फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला त्याहून कमी) आली आणि लढतीवरचे वर्चस्वही मोजले जाऊ लागले. नुसते आत-बाहेर करून आता भागत नाही. समोरच्याला दोरांकडे ढकलत नेणारे पायही लागतात.

तयारीची सुरुवात दोरीवरच्या उड्यांनी होते. हे साधन स्वस्त आहे आणि त्याला अजून पर्याय सापडलेला नाही. उडी इंच-दीड इंचाची, चवड्यांवर, टाच न टेकवता. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकत. फेरीच्या हिशेबानेच मारायची, ३ मिनिटे उड्या आणि १ मिनिट थांबा. यात पोटरी आणि टाचेमागची अकिलिस कंडरा स्प्रिंगसारखी ताणून सुटायला शिकते. पण कंडरा स्नायूपेक्षा सावकाश बळकट होते. दम वाढला म्हणून पहिल्याच महिन्यात उड्या दुप्पट केल्या की नडगी ठणकू लागते, त्यातही खाली कोबा किंवा फरशी असेल तर हमखास. लाकडी फळ्या, रबरी चटई किंवा चक्क मातीचे मैदान बरे.

सकाळची धाव हा जुना रिवाज आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ५ ते ८ किलोमीटर सावकाश धावण्याने पाया तयार होतो, फेऱ्यांमधल्या एका मिनिटात श्वास लवकर जागेवर येतो. मात्र रिंगणात कोणी एकसारख्या वेगाने पळत नाही. म्हणून स्पर्धा जवळ आली की ४०० किंवा ८०० मीटरचे वेगवान तुकडे आणि चढावरच्या छोट्या धावा घेतात. नुसते लांब पळून दमदार झालेला पण पाय जड पडलेला मुलगा जिल्हा स्पर्धांत दरवेळी दिसतो.

ताकदीच्या व्यायामात वजनगटाचे गणित आड येते. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी ५७ किलोनंतर थेट ६३.५ किलोचा गट होता. मांड्या भरल्या की काटा पुढे सरकतो, म्हणून कमी आवर्तने, जास्त भार आणि पुरेशी विश्रांती अशा बेताने स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठका) घेतात. तालमीतल्या बैठकांबद्दल दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. खाली जाताना बैठकीत टाच उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो, तो मुष्टियोद्ध्याच्या कामाचा आहे. पण पाचशे बैठका मारून लगेच फुटवर्कच्या सरावाला उभे राहणे निरुपयोगी. थकलेले पाय चुकीची सवय पटकन उचलतात. झेप वाढवण्यासाठी ठोकळ्यावर उडी, ठोकळ्यावरून उतरताच पुन्हा उडी असे प्रकार आहेत; उंचीवरून उतरून उडी मारण्याची ही पद्धत १९६०च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्कीने रुजवली. ती वाढत्या वयाच्या मुलांना बेताने आणि कमी उंचीवरूनच द्यावी.

प्रत्यक्ष पदन्यासासाठी जमिनीवर आखलेली एक रेघ पुरते. दोन्ही पावले रेघेच्या दोन बाजूंना ठेवून पुढे-मागे सरकायचे, रेघेवर पाय आला की पवित्रा मोडला. काही प्रशिक्षक घोट्यांना सैल पट्टी बांधतात, म्हणजे पावले फाकत नाहीत. मग शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर प्रतिस्पर्धी आहे असे कल्पून एकट्याने खेळणे, आधी हात खाली ठेवून नुसत्या पायांचे, नंतर ठोशांसह. जमिनीवर पसरायच्या शिडीचे हल्ली फार कौतुक आहे. तिच्यामुळे पाय चपळ होतात खरे, पण शिडीची घरे जागा बदलत नाहीत आणि प्रतिस्पर्धी बदलतो. म्हणून जोडीचा सराव मोलाचा ठरतो. एकाने सरकायचे, दुसऱ्याने हातभराचे अंतर राखायचे, ठोसा कोणीच मारायचा नाही. पुढे दोरांच्या आत ६.१० मीटरच्या चौकोनात एकाने निसटायचे आणि दुसऱ्याने वाट अडवायची. वाट अडवणारा पाठलाग करत असेल तर तो हरतोच. त्याला आडवे सरकून कोपरा बंद करावा लागतो. समोर डावखुरा असेल तर पुढचे पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेर ठेवण्यासाठी झटापट चालते, कारण बाहेरच्याचा मागचा हात सरळ रेषेत जातो.

युक्रेनचा वासिल लोमाचेन्को (२००८ आणि २०१२ची ऑलिंपिक सुवर्णपदके) हे चांगल्या पदन्यासाचे हमखास दिले जाणारे उदाहरण. त्याचे वडील व प्रशिक्षक अनातोली यांनी त्याला लहानपणी काही वर्षे मुष्टियुद्ध थांबवून युक्रेनी लोकनृत्य शिकायला घातले होते. ठोसा मारून तो बाजूला वळतो आणि समोरचा फिरेपर्यंत दुसऱ्या कोनातून पुन्हा मारतो. भारतीयांत डावखुरा अमित पंघाल, २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धांतला सुवर्णविजेता आणि २०१९च्या जागतिक स्पर्धेतला रौप्यविजेता, बुटक्या अंगकाठीची कसर आत-बाहेरच्या वेगाने भरून काढतो.

रिंगणाच्या फळ्यांवर फेल्ट किंवा रबराचा थर आणि त्यावर ताणलेला कॅनव्हास असतो. या मऊ पृष्ठावर पाय किंचित रुततो आणि कडक जमिनीवर सराव केलेल्याच्या पोटऱ्या लवकर भरून येतात. ज्या सरावगृहात रिंगण नाही, तिथली मुले स्पर्धेआधी काही दिवस तरी कुस्तीच्या गादीवर पाय फिरवून घेतात. बूट हलके, बिनटाचेचे आणि खिळे नसलेले लागतात; जाड तळाच्या धावण्याच्या बुटांत चवडा वळवताना गुडघा मुरगळण्याची भीती असते.