चेव्ही

चेव्ही : पाठलाग, पळापळ आणि शिकाऱ्यांची आरोळी या अर्थांचा जुना इंग्रजी शब्द. चिव्ही हे त्याचेच रूपांतर. नाम म्हणून तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, तर क्रियापद म्हणून सु. १८३० पासून आढळतो.

शब्दाचे मूळ बहुधा ‘चेव्ही चेस’ या जुन्या कथागीतात आहे. इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीवरील चेव्हिअट डोंगरात नॉर्थंबरलंडचा अर्ल (उमराव) पर्सी शिकारीला उतरतो, स्कॉटिश अर्ल डग्लस त्याला अडवतो आणि लढाई जुंपून दोघेही मरतात, असे त्याचे कथानक. त्यामागे १३८८ ची ऑटरबर्नची लढाई असावी. प्रत्यक्षात तेथे डग्लस पडला, पण हेन्री पर्सी कैद झाला आणि पुढे १४०३ मध्ये श्रूझबरीच्या लढाईत मारला गेला. तेव्हा गीताला इतिहासाचे साधन मानता येत नाही.

गीताच्या नावातील ‘चेस’चा अर्थ मात्र पाठलाग नव्हे, तर शिकारीसाठी राखलेले रान. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाचे ते ‘फॉरेस्ट’, उमरावाचे ते ‘चेस’ आणि कुंपण घातलेले ते ‘पार्क’, असा ढोबळ भेद होता. कॅनक चेस, क्रॅनबोर्न चेस ही स्थलनामे त्यांतलीच. चेस म्हणजे पाठलाग हा दुसरा अर्थ सर्वांच्या तोंडी असल्याने तोच शेजारच्या ‘चेव्ही’ला, म्हणजे चेव्हिअटच्या संक्षिप्त रूपालाही, चिकटला आणि डोंगराचे नाव धावण्याचे नाव झाले, असे दिसते.

काहींच्या मते ‘चेव्ही चेस’ हे घोडेस्वारांच्या लुटारू स्वारीला असलेल्या ‘शव्होशे’ या फ्रेंच शब्दाचे भ्रष्ट रूप होय. या शब्दाचे इंग्रजी रूप चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात येते, त्यामुळे हा तर्क अगदीच निराधार नाही. तथापि सु. १५५० च्या एका स्कॉटिश गद्यग्रंथातील गीतांच्या यादीत ‘चेव्हिअटची शिकार’ असाच उल्लेख आहे. त्यामुळे स्थलनामाची बाजू अधिक सबळ वाटते.

सोळाव्या शतकातील इंग्रज कवी फिलिप सिडनीने पर्सी-डग्लसच्या गीताची थोरवी गायिली. इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसनने १७११ मध्ये त्यावर दोन निबंध लिहिले. शब्द रुजण्यास ही लोकप्रियता कारण झाली असावी.

पुढे चेव्ही हे मुलांच्या पकडापकडीच्या एका खेळाचेही नाव झाले. विसाव्या शतकात चिव्ही हे रूप रुळले. आज त्याचा अर्थ मागे लागून घाई करणे, सतत टोकणे असा होतो.