जॅझ अंत्ययात्रा: नाच असतो, पण उत्तरार्धात

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात माणूस गेला की लोक नाचतगातच त्याला पोचवतात, असं सांगणाऱ्या क्लिप वर्षानुवर्षं फिरताहेत. त्या खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. बहुतेकींत फक्त यात्रेचा उत्तरार्ध दिसतो.

चर्चमधून शवपेटी निघते तेव्हा ब्रास बँड संथ भजनं वाजवतो. ‘जस्ट अ क्लोजर वॉक विथ दी’ हे नेहमीचं. स्नेअर ड्रमच्या खालच्या बाजूच्या तारा सैल करतात किंवा त्यांच्यात रुमाल सरकवतात, म्हणजे झणझण जाऊन नुसता दबका ठोका उरतो. पुढे ग्रँड मार्शल, म्हणजे यात्रेचा म्होरक्या, टोपी छातीशी धरून, एकेक पाऊल रेंगाळत टाकतो. इथे नाचायला लागणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा.

दफन झालं, किंवा दफनभूमी लांब असल्याने शववाहिका वाटेतूनच पुढे गेली, की ‘देह मोकळा केला’ म्हणतात. मग रुमाल निघतो, ड्रम खणखणतो, छत्र्या उघडतात आणि मागून चालणारी मंडळी, म्हणजे ‘सेकंड लाइन’, नाचू लागते.

हा मान सरसकट सगळ्यांना मिळत नाही. प्रथा मुळात तिथल्या कृष्णवर्णीय समाजाची. वादक आणि त्या समाजाच्या सामाजिक क्लबांचे सभासद तिचे खरे मानकरी. पूर्वी बँडचा खर्च परस्पर-साहाय्य मंडळं सभासदांच्या वर्गणीतून करत.